मिनी ट्रॅक्टर सेल्फ घेतो, पण चालू होत नाही? पंप उघडण्याआधी सोलेनॉइड बघा



ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनीची फवारणी लगेच घ्यावी लागते. ब्लोअरमध्ये औषध कालवून तयार, आणि नेमका तेव्हाच मिनी ट्रॅक्टर रुसतो. मागच्या आठवड्यात आपल्या एका सभासदाच्या बागेत असंच झालं. सेल्फ जोरात फिरत होता, इंजिन काही धरत नव्हतं. पंप खोलायची तयारी झाली होती. शेवटी दोष निघाला एका कपलरमध्ये. बोर्डो उडून आतली पिन हिरवी पडली होती.

*सोलेनॉइड म्हणजे काय?*
चावीने बंद होणाऱ्या बऱ्याच डिझेल इंजिनांत पंपाजवळ एक छोटा, गोल, वायर जोडलेला भाग असतो. चावी ऑन केली की त्याला १२ व्होल्ट मिळतात, आतला दांडा सरकतो आणि डिझेलची वाट मोकळी होते. करंट नसेल तर वाट बंद, मग सेल्फ कितीही मारा. (काही इंजिनांत उलटं असतं, करंट दिला की इंजिन बंद होतं. आपलं कोणतं ते फिटरकडून एकदा समजून घ्या.)

*ओळखायचं कसं?*
सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, दोष दुसरीकडे आहे. धूर अजिबात नसेल तर आधी टाकीतलं डिझेल, कॉक आणि फिल्टर बघा, एअर धरली का तेही बघा. ते ठीक असेल तर पुढे चला.

*तपासणी याच क्रमाने करा*
(गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, पीटीओ बंद.)

१) सोलेनॉइडवर बोट ठेवा, दुसऱ्याला चावी ऑन करायला सांगा. "टक्" असा खटका जाणवला पाहिजे.
२) खटका नाही? बॅटरी बघा. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना १० च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल नीट करा.
३) फ्यूज बघा. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, तार गुंडाळू नका.
४) कपलर काढा, पिना साफ करा, घट्ट बसवा.
५) तरी नाही? १२ व्होल्टचा टेस्ट बल्ब घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं कपलरच्या पिनेला लावा, चावी ऑन करा. बल्ब पेटला तर वायरिंग ठीक. सोलेनॉइडची अर्थिंग बघा, तीही ठीक असेल तर सोलेनॉइड गेला. बल्ब नाही पेटला तर दोष वायर, चावी स्विच किंवा सेफ्टी स्विचमध्ये आहे.

तीन वायरचा सोलेनॉइड असेल तर पायरी ४ ला थांबा, पुढचं फिटरला करू द्या. त्यातली ओढणारी कॉइल फक्त क्षणभर करंट घेण्यासाठी असते. डायरेक्ट वायर लावून ठेवली तर जळते.

*हा जुगाड नको ⚠️*
"दांडा काढून टाका, ट्रॅक्टर चालू होतो" असं कुणी सांगेल. चालू होतो हे खरं, पण मग चावीने बंद होत नाही. ब्लोअर फिरतोय, कपडा पीटीओत अडकला, आणि इंजिन बंद करता येत नाही, हा विचार करा. पंपावर हाताने बंद करायचा लिव्हर असेल तर तो कुठे आहे, हे घरातल्या चालवणाऱ्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.

*काळजी*
फवारणी झाली की कपलरवरचं औषध ओल्या फडक्याने पुसा. वायरिंगवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका.

आणि ट्रॅक्टर चालू झाल्याशिवाय औषध कालवू नका. कालवलेलं औषध त्याच दिवशी संपवायचं असतं.

मी शेतीचा माणूस, फिटर नाही. पण एवढी तपासणी आपल्याला जमते, आणि फिटरला फोनवर नेमकं सांगता येतं. अडलं तर कपलरचा फोटो टाका, बघून सांगतो.

– आपला कृषी सल्लागार