उबेचा उतार

नांदेड

चि. ओंकार,


तू पाठवलेले टाकीचे फोटो नीट पाहिले. लेपर्ड गेको घ्यायचाच होता तर रानातून पकडलेला न घेता माणसाच्या देखरेखीत जन्मलेला घेतलास, हे फार चांगलं केलंस. पिलू तरतरीत दिसतंय. पण टाकीच्या मधोमध एक दिवा, रात्री त्याच जागी लाल दिवा आणि काचेला चिकटवलेला गोल तापमापक, ही मांडणी बदलायला हवी. "मावशी, किती डिग्री ठेवू?" असं विचारलंस. एकच आकडा सांगितला तर तुझी सोय होईल, त्या जिवाची होणार नाही. टाकीच्या एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा हवा. केव्हा कुठे बसायचं ते त्याचं त्याला ठरवू दे.

आपलं शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करतं. सरड्या-पालींना, म्हणजे तुझ्या गेकोलाही, ती बाहेरून घ्यावी लागते. ऊब मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही. जास्त झाली आणि पळायला जागा नसली तर जीव जातो. इथे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, तेव्हा तुझ्या आजोळच्या लातूरच्या घरातल्या पाली बघ. भर दुपारी एकही दिसत नाही, सगळ्या दगडी भिंतीच्या फटीत खोल गेलेल्या असतात. अंधार पडला की बाहेर येतात आणि दिवसभर तापलेल्या दगडाला पोट टेकून बसतात. भिंत एकच, पण वरचा दगड तापलेला आणि हातभर आतली फट गार. कडक उन्हाळ्यात त्या टिकतात त्या या निवडीमुळे.

तुझ्या गेकोचा मूळ मुलूख अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातला खडकाळ, कोरडा प्रदेश. तोही दिवसा दगडाखाली दडतो आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतो. त्याच्या जवळच्या नात्यातली एक जात आपल्या सातपुड्यातही आहे. झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 2014 साली नोंदवली. तेव्हा दिवसा दडून राहणाऱ्या या वाळवंटी प्राण्याला कितीही ऊन चालतं, असं तुला कोणी सांगितलं तर ऐकू नकोस.

आता कामाचं. दिवा मधून काढून एका टोकाला ने. त्याखाली सपाट दगड ठेव आणि दगडाच्या पोटात लपायची जागा कर. तिथल्या तळाचं तापमान 31 ते 33 अंश सेल्सियस असावं. दुसऱ्या टोकाला 24 ते 26 पुरे. तिथेही लपायला जागा हवीच. दोन्हींच्या मध्ये ओलसर शेवाळ घातलेली तिसरी जागा ठेव, कात टाकताना तिचा उपयोग होतो. तुमच्या टोरांटोच्या हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा फार कोरडी होते, म्हणून ही तिसरी जागा विसरू नकोस.

थर्मोस्टॅटशिवाय उष्णतेचं कोणतंही साधन लावू नकोस. त्याचा सेन्सर प्राणी जिथे पोट टेकतो तिथे घट्ट बसव. तो सरकून गार बाजूला गेला तर यंत्राला टाकी थंडच वाटेल, हीटर चालूच राहील आणि पिलाचं पोट भाजेल. दुकानात मिळणारे विजेवर तापणारे नकली दगडही याच कारणाने टाळ. काचेवरचा तापमापक काचेजवळची हवा मोजतो. तुला दगड मोजायचा आहे, म्हणून दोन डिजिटल तापमापक घे, दोन टोकांना एकेक.

उजेडाबाबत आणखी काळजी घे. निशाचर आहे म्हणून त्याला दिवस नकोच, असं समजू नकोस. त्याला दिवस आणि रात्र दोन्ही स्पष्ट कळायला हवेत. तुमच्याकडे जूनमध्ये दिवस पंधरा तासांच्या वर जातो आणि डिसेंबरात नऊच्या आत येतो, तेव्हा खिडकीवर विसंबू नकोस. टायमर लाव. उन्हाळ्यात चौदा तास उजेड दे आणि हळूहळू कमी करत हिवाळ्यात दहा-अकरावर आण. सौम्य अतिनील किरणांची (यूव्हीबी) नळी लावलीस तर चांगलंच, पण तिच्या उजेडातही त्याला सावली सापडली पाहिजे. पिलू अल्बिनो असेल तर उजेड आणखी मंद ठेव, त्यांच्या डोळ्यांना तो सोसत नाही.

लाल दिवा आजच काढ. लुंड विद्यापीठातल्या लिना रॉथ आणि आल्मुट केल्बर यांनी 2004 साली दाखवून दिलं की, आपल्याला सगळं करडं दिसतं तेवढ्या अंधुक चांदण्यातही एका जातीचा गेको रंग ओळखतो. अशा डोळ्यांसमोर रात्रभर दिवा जळत ठेवणं, मग तो कुठल्याही रंगाचा असो, म्हणजे त्याची रात्र हिरावून घेणं. रात्री तापमान वीसपर्यंत उतरलं तरी निरोगी गेकोला चालतं, उलट तो उतार त्याला हवाच असतो. खोली त्याहून गार होत असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लाव.

वीज जाण्याची सवय आम्हाला आहे, तुम्हाला नाही. पण डिसेंबर 2013 च्या बर्फवादळात टोरांटोतली लाखो घरं अंधारात होती. तशी वेळ आली तर हवेला जागा ठेवून टाकी ब्लँकेटने लपेट, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका टोकाला ठेव आणि ऊब परत येईपर्यंत खायला देऊ नकोस.

एवढं केलंस की आठवडाभर वही ठेव. सकाळ, संध्याकाळ आणि रात्री दोन्ही टोकांचं तापमान लिही आणि शेजारी गेको कुठे होता तेही लिही. तो सतत उबेलाच चिकटून असेल तर गार टोक जास्त गार आहे. उबेकडे फिरकतच नसेल तर दगड फार तापतोय. एकाच जागेतून हलत नसेल तर दुसरीकडच्या लपायच्या जागेत त्याला सुरक्षित वाटत नाही, तेव्हा ती अरुंद आणि अंधारी कर. त्याला बोलता येत नाही, पण तो कुठे बसतो ते रोज पाहिलंस तर काय हवं-नको ते तुला कळेल. ते पाहण्याचा कंटाळा करू नकोस. प्राणी पाळणाऱ्याचं पहिलं काम तेच आहे.

वही भरली की तिचे फोटो पाठव. मग खाण्यापिण्याचं बोलू.

तुझी,
मावशी