गोचीड, औषधाचा हौद आणि गुरांचा धनी

गुरें पाळणाऱ्यास नवी रीत शिकवूं पाहणारा मनुष्य बहुधा उतावळा असतो. औषध खरें, शास्त्र खरें, मग ऐकणारा ऐकत कां नाहीं, असें त्यास वाटतें. याविषयीं अमेरिकेच्या दक्षिण भागांत जें घडलें, तें आमच्या वाचकांस, विशेषेंकरून खेडोपाडीं हिंडणाऱ्या उपदेशकांस व शिक्षकांस, ठाऊक असलेलें बरें.

त्या देशांत मांसाकरितां गुरांचे मोठाले कळप पाळतात. १८६५ सालीं तेथील यादवी संपल्यावर टेक्सास प्रांतांतून असे कळप उत्तरेकडे हांकीत नेऊं लागले. हीं गुरें दिसावयास निरोगी. पण तीं ज्या वाटेनें जात, त्या वाटेवरचीं गुरें कांहीं आठवड्यांत तापानें फणफणत, त्यांचें मूत्र तांबडें होई, व पुष्कळ मरत. हें गोचिडींचें काम, असें कित्येक गुराखी म्हणत. विद्वान मात्र हंसत. पुढें थिओबाल्ड स्मिथ, किल्बोर्न व कर्टिस यांनीं प्रयोग केले, आणि १८९३ सालीं गुराख्यांचेंच म्हणणें खरें ठरलें. रोगाचा सूक्ष्म जीव रक्ताच्या तांबड्या पेशींत राहतो. रक्त प्यालेली गोचीड तो आपल्या अंड्यांत उतरविते, व तिचीं पिलें तो नव्या जनावरास देतात. दक्षिणेकडील गुरांस हा ताप वासरपणींच हलका येऊन गेलेला असे, म्हणून तीं धडधाकट दिसत.

ही गोचीड अंगावर चढल्यापासून फुगून गळून पडेपर्यंत सुमारें तीन आठवडे जातात. मग ती जमिनीवर हजारों अंडीं घालते. म्हणून दर चौदा दिवसांनीं प्रत्येक जनावर औषधाच्या हौदांतून पोहवून काढिलें, तर एकही मादी अंडीं घालण्यास उरत नाहीं, आणि गवतावर टपून बसलेलीं पिलें उपासानें मरतात. मात्र एका घरचीं चार गुरें सुटलीं, कीं साऱ्या गांवाचा खटाटोप फुकट!

१९०६ सालीं सरकारनें ही मोहीम आरंभिली व पुढें ठिकठिकाणीं कायद्यानें सक्ती केली. तेव्हां हौदांत सोमलाचें पाणी असे. कित्येक ठिकाणीं लोकांनीं सुरुंग लावून हौद उडवून दिले. हें कृत्य आम्हांस मान्य नाहीं. परंतु त्यांचा हिशेब अगदींच खोटा होता, असेंही म्हणवत नाहीं. ज्याच्या दोनतीन गाई मोकळ्या रानांत चरतात, त्यानें दर पंधरवड्यास त्या हुडकाव्या, कोसभर चालवीत न्याव्या, दिवसाची मजुरी बुडवावी, आणि विषाचें भय बाळगावें. त्याच्या गाई तर तापानें मरत नव्हत्या. पहिला नफा उत्तरेस गुरें विकणाऱ्या मोठ्या धन्यास. गरिबाचाही लाभ होता, पण तो सावकाश दिसणारा: रक्तशोष थांबून दूध व वजन वाढणें, आणि बाहेरून आणिलेला जातिवंत वळू तापानें न मरणें.

याच टेक्सासांत १९०३ सालीं सीमन नॅप या गृहस्थांनीं निराळी वाट धरिली होती. त्यांचा प्रयोग पिकांचा होता, गुरांचा नव्हे. टेरेल गांवच्या पोर्टर नांवाच्या शेतकऱ्यानें आपल्याच शेतांत आपल्याच हातांनीं नवी पद्धत करून पाहावी, व तोटा आल्यास गांवच्या व्यापाऱ्यांनीं जमविलेल्या निधींतून तो भरून द्यावा, असें ठरलें. तोटा आला नाहीं. हौदाचा आरंभ असा झाला असता, तर सुरुंग कमी उडाले असते, असें आम्हांस वाटतें. असो, १९४३ पर्यंत ती गोचीड त्या देशांतून बहुतेक नाहींशी झाली. रिओ ग्रांडे नदीच्या कांठच्या पट्ट्यांत मात्र घोडेस्वार आजही पहारा करितात, कारण मेक्सिकोंतून भटकी गुरें व हरणें ती पुन्हां आणितात.

महाराष्ट्रांतही गोचीडताप आहे, व संकरित गाईंस तो आपल्या देशी गाईंपेक्षां अधिक बाधतो. बाजारांतून आणिलेलें जनावर एकदम दावणीस बांधूं नये. त्याचे कान, पोळी, कास व शेपटीचें मूळ आधीं तपासावें. औषध लावणें तें साऱ्या वस्तीनें एकाच दिवशीं लावावें, आणि गोठ्याच्या भिंतींतील फटी लिंपून घ्याव्या, कारण गोचिडींच्या कांहीं जाती तेथें दडतात. सोमल आतां कोणीं वापरूं नये. नवीं औषधें पशुवैद्यास विचारून, तो सांगेल त्याच प्रमाणांत घ्यावीं, आणि दूध किती दिवस वर्ज्य करावें हेंही त्यासच विचारावें. पैसे वांचविण्यासाठीं औषध पातळ केल्यास गोचीड मरत नाहीं. उलट तिच्या वंशाला तें सोसण्याची संवय लागते.