कायद्याची ओळख : दावा चालू असतानाची पोटगी



खोडव्याची निगा आणि खताचा हप्ता यांवर आम्ही नेहमीच लिहितो. या वेळी विषय घरातला आहे. लेक माहेरी येऊन बसते, घटस्फोटाचा दावा कोर्टात पडतो आणि तारखांमागून तारखा लागतात. निकाल लागेल तेव्हा लागेल, पण तोवर तिने आणि लेकरांनी खायचं काय? वकिलाची फी कुठून द्यायची? आईबाप म्हणतात, "निकाल लागू दे, मग पोटगीचं बघू." ही समजूत चुकीची आहे.

हिंदू विवाह कायदा, १९५५ मधील कलम २४ याच मधल्या काळासाठी आहे. ज्याला स्वतःचे पुरेसे उत्पन्न नाही, त्याला दावा चालू असेपर्यंत दरमहा पोटगी आणि दाव्याचा खर्च दुसऱ्या बाजूकडून मागता येतो. दावा कोणी लावला याने फरक पडत नाही. हा हक्क पत्नीला आहे तसाच पतीलाही आहे. पोटगी मंजूर झाली म्हणजे समोरचा दोषी ठरला, असेही नाही. मुलांच्या खर्चासाठी कलम २६ आहे. २००१ च्या दुरुस्तीनुसार नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अर्जाचा निकाल द्यायचा असतो.

रक्कम कशी ठरते? सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही बाजूंनी मिळकत आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे असे ठरवून दिले. त्यात शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. जमीन किती, त्यात आपला हिस्सा किती, बागायत की जिरायत, पिके कोणती, मागील तीन वर्षांचे उत्पन्न, गाई-म्हशी, जमिनीवरचे कर्ज, हे सगळे त्यात लिहावे लागते. म्हणून सातबारा, आठ-अ, ऊसबिलाच्या पावत्या आणि सोसायटीचा उतारा जपून ठेवा. "बिल सगळं कपातीत गेलं" असे नुसते तोंडी सांगून भागत नाही. खरे कर्ज असेल तर ते कागदावर दाखवा. कोर्ट देणी आणि घरातली अवलंबून माणसेही विचारात घेते. मात्र खोटे लिहिले तर कारवाई होऊ शकते.

याच निकालाने आणखी एक गोष्ट पक्की केली. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. समजा, १ जूनला अर्ज दिला, ३१ डिसेंबरला आदेश झाला आणि रक्कम दरमहा ५,००० रुपये ठरली. तर सात महिन्यांचे ३५,००० रुपये मागचे देणे निघते. म्हणून मागणाऱ्याने अर्जाला उशीर करू नये आणि देणाऱ्याने तारखा लांबवण्यात फायदा मानू नये. थकबाकी दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसूल करता येते.

पोटगीचा अर्ज फौजदारी मार्गानेही करता येतो. जुन्या संहितेचे कलम १२५ होते, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १४४ झाले. दोन्हीकडे अर्ज असतील तर आधीचा आदेश कोर्टाला सांगावाच लागतो. एका ठिकाणी मिळालेली रक्कम दुसरीकडे जमेस धरली जाते.

फीसाठी पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

आमचे सांगणे एवढेच. संसार जुळत असेल तर जरूर जुळवा, चार वडीलधारी बसवा. पण बैठकी चालू आहेत म्हणून लेकरांची चूल थंड राहता कामा नये. ऊस तोडणीला उशीर झाला तर वजन घटते. इथे उशीर झाला तर लेकरांचे शाळेचे वर्ष जाते.