भरतकामातील चुका व बिघडलेल्या कपड्याची दुरुस्ती

भरतकामाच्या तासाला पुष्कळ मुले घरचाच कपडा घेऊन येतात. तो जुना असला तरी अंगावर घालण्याजोगा असतो. कित्येकदा त्याच्या जोडीला दुसरा नसतो. अशा कपड्यावर टाका चुकला, दोऱ्याचा रंग पसरला किंवा कात्री लागली, की मूल तो दप्तरात लपविते आणि पुढच्या तासाला रिकाम्या हाताने येते. म्हणून टाका घालण्याबरोबर तो उसविण्याचेही शिक्षण पहिल्यापासून दिले पाहिजे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेने हस्तव्यवसायाभोवती शिक्षण गुंफण्याचा ठराव केला. चूक ओळखणे व ती सुधारणे हे अशा शिक्षणाचेच अंग होय.

टाके उसविणे : चुकलेला दोरा ओढून काढू नये, त्याने वीण सरकते व कापडाला चुण्या पडतात. साखळी टाक्याचा शेवट मोकळा केला, की एकेक कडी उलट क्रमाने सुटत येते. उलटी टीप मात्र मागील बाजूने दर दोन-तीन टाक्यांवर कापावी व तुकडे सुईने अलगद उचलावेत. राहिलेली छिद्रे बुजविण्यासाठी कापड किंचित ओले करून, उभ्या व आडव्या धाग्यांच्या दिशेने नखाने हलके घासावे.

डाग : रंगीत दोरा वापरण्यापूर्वी ओला करून पांढऱ्या चिंधीवर दाबून पाहावा. तरीही रंग पसरलाच तर कपडा वाळण्याआधी गार पाण्यात वारंवार खळबळावा. इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने रंग पक्का बसतो. सुई कापडात टोचून ठेवल्यास गंज चढतो. पांढऱ्या सुती कापडावरील असा डाग लिंबाचा रस व मीठ लावून उन्हात ठेवल्याने फिका पडतो. नंतर कपडा स्वच्छ धुवावा. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, तेव्हा मुलाने घाबरू नये; पुन्हा धुऊन उन्हात वाळविल्यास तो उतरतो.

भोक : लहान भोकास रफू करावे. आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे काढून प्रथम उभे घालावेत, मग आडवा धागा एकाआड एक वरखाली न्यावा. भोक मोठे असल्यास खालून ठिगळ लावावे. ठिगळाचे नवे कापड आधी धुवावे, नाहीतर पुढे ते आकसून कपडा ओढला जातो. ठिगळाच्या कडेने काजाचा टाका घालून त्यावर पान किंवा फूल भरावे व तसेच दुसऱ्या बाजूसही भरावे, म्हणजे दुरुस्ती नक्षीत मिसळून जाते.

पाठाची मांडणी : शिक्षकांनी वीतभर चिंध्यांवर मुद्दाम चुकीचे टाके घालून आणावेत. चूक कोठे व कशामुळे झाली हे मुलांना शोधू द्यावे. नंतर प्रत्येकाने टाके उसवून पुन्हा घालावेत. यात मुलगे व मुली असा भेद करू नये. चिंधीवर हात बसल्यावरच घरचा कपडा हाती द्यावा.

गुण देताना नीट केलेल्या दुरुस्तीस स्वतंत्र गुण ठेवावेत. बिघडलेला कपडा वर्गात उंच धरून दाखवू नये. तो दुरुस्त होऊन, वापरण्याजोगा होऊनच मुलाबरोबर घरी जाईल, याकडे शिक्षकांनी लक्ष पुरवावे.