जुन्या मोटारीची खरेदी : व्यापाऱ्याकडून की मालकाकडून?

नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेकडील कळवण, सटाणा, मालेगाव व देवळा हा परिसर ‘कसमादे’ या नावाने ओळखला जातो. कांदा आणि डाळिंब ही या भागाची नगदी पिके होत. देवळा तालुक्यातील उमराणे हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर असून तेथील बाजार समितीत कांद्याची मोठी आवक होते. पिकाला बरा भाव मिळाला की मुलांचे शिक्षण, घराची दुरुस्ती, विहिरीचे काम यांबरोबरच एखादे चारचाकी वाहन घेण्याचा विचारही अनेक घरांत सुरू होतो. नव्या मोटारीची किंमत आवाक्याबाहेर असल्याने शेतकरी, शिक्षक, ग्रामसेवक, लहान व्यावसायिक अशांची पावले साहजिकच जुन्या मोटारीकडे वळतात.

अशा वेळी पहिला प्रश्न उभा राहतो तो विक्रेत्याचा. मोटार शहरातील व्यापाऱ्याच्या दुकानातून घ्यावी की ओळखीच्या माणसाकडून परभारे घ्यावी? व्यापाऱ्याकडे किंमत अधिक आणि मालकाकडे कमी, एवढ्यावरच या प्रश्नाचा निकाल बहुधा लावला जातो. वस्तुतः किमतीतील फरक हा या दोन मार्गांमधील सर्वात लहान फरक आहे. उद्या काही बिघडले, अपघात झाला अथवा वाद उद्भवला, तर जबाबदार कोण, हा त्यांतील खरा फरक होय.

व्यवहार पुरा केव्हा होतो?

ग्रामीण भागात वाहनाचा व्यवहार अनेकदा मुद्रांक कागदावरील करारनामा, पैशांची देवघेव आणि किल्लीचा ताबा एवढ्यावर आटोपतो. विकणारा ‘टी. टी. ओ.’ फॉर्मवर सह्या करून देतो आणि घेणारा ते फॉर्म कपाटात ठेवून देतो. पुढे तीच मोटार तिसऱ्याला विकली जाते, तेव्हा ते सही केलेले फॉर्मही किल्लीबरोबर पुढे सरकतात. नोंदणी पुस्तकावर मात्र पहिल्याच मालकाचे नाव राहते.

यातून केवढा अनर्थ ओढवतो हे सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेल्या एका निर्णयावरून ध्यानात येईल. एक मोटार कागदोपत्री नोंद न होता एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकली गेली होती. २००९ मध्ये त्या मोटारीच्या अपघातात एका बालकाचा मृत्यू झाला. नुकसानभरपाई कोणी द्यावयाची असा प्रश्न निर्माण झाला, तेव्हा ज्याने ती मोटार पूर्वीच विकली होती, परंतु ज्याच्या नावाची नोंद कायम होती, त्याच्यावरच न्यायालयाने जबाबदारी ठेवली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार ज्याच्या नावे वाहनाची नोंदणी असते तोच ‘मालक’ समजला जातो. अपघातग्रस्ताने मोटारीच्या एकामागून एक झालेल्या खरेदीदारांचा शोध घेत फिरावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही.

या अधिनियमाच्या कलम ५० अन्वये राज्यातल्या राज्यात वाहन विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना २९ आहे. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नमुना ३० मध्ये अर्ज करावयाचा असतो. देवळा परिसरातील खरेदीदारांचा संबंध सामान्यतः मालेगाव येथील परिवहन कार्यालयाशी येतो. तेथील नोंदणीची खूण ‘एमएच ४१’ अशी आहे. मोटार ‘एमएच १५’ म्हणजे नाशिकची असली तरी ती राज्यातलीच असल्याने उपरोक्त मुदतीच लागू होतात.

म्हणून विकणारा व घेणारा या दोघांनीही एक गोष्ट मनाशी पक्की बांधावी. किल्ली दिल्याने मोटार हातातून जाते. जबाबदारी मात्र नोंदवहीतील नाव बदलल्यावरच जाते.

व्यापाऱ्याकडून खरेदी

पूर्वी जुन्या मोटारींचा व्यापार गॅरेजवाले व दलाल यांच्याच हाती होता. २००१ मध्ये मारुती कंपनीने ‘ट्रू व्हॅल्यू’ या नावाने जुन्या मोटारींची दालने सुरू केली आणि पुढे इतर उत्पादकही या क्षेत्रात उतरले. असे असले तरी दुकानात उभ्या असलेल्या मोटारीची अपघाताची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अनेक वर्षे अनिर्णितच होता. केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या या तरतुदींनुसार नोंदणीकृत वाहनांच्या व्यापाऱ्याने परिवहन प्राधिकाऱ्याकडून प्राधिकारपत्र घ्यावयाचे असते. ते ५ वर्षे वैध असते. मूळ मालकाने मोटार अशा व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची सूचना संगणकीय प्रणालीवर दिली की तो व्यापारी त्या मोटारीचा ‘मानीव मालक’ ठरतो. त्या काळात मोटार कशासाठी व किती चालविली याची नोंदही त्याला ठेवावी लागते.

खरेदीदाराने व्यापाऱ्याकडे प्रथम मागावयाची वस्तू म्हणजे हे प्राधिकारपत्र होय. ते नसलेला मनुष्य, त्याच्या दुकानाची पाटी कितीही मोठी असली तरी, कायद्याच्या दृष्टीने अधिकृत व्यापारी नव्हे.

व्यापाऱ्याकडून घेण्याचा दुसरा लाभ वस्तुविक्री अधिनियम, १९३० मध्ये आहे. ज्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणे हा विक्रेत्याचा धंदा आहे, तो माल वर्णनावरून विकला गेल्यास तो विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे, अशी अट कायदा गृहीत धरतो. मात्र खरेदीदाराने वस्तू तपासली असेल, तर त्या तपासणीत दिसून यावयास हवे होते अशा दोषांबद्दल त्याला नंतर तक्रार करता येत नाही. याशिवाय घरगुती वापरासाठी किंवा स्वतःच्या उपजीविकेसाठी वाहन घेणाऱ्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये व्यापाऱ्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. अर्थात हे सर्व सिद्ध करावयाचे तर पक्की पावती आणि लेखी हमीपत्र हवे. तोंडी हमीला आयोगापुढे फारसे वजन राहत नाही.

या संरक्षणाची किंमत असते. नोंदणीकृत व्यापाऱ्याला जुन्या मोटारीच्या विक्रीवर वस्तू व सेवा कर भरावा लागतो. जानेवारी २०२५ पासून त्याचा दर १८ टक्के आहे. तो संपूर्ण किमतीवर नसून व्यापाऱ्याला मिळणाऱ्या फरकावर आकारला जातो. समजा, व्यापाऱ्याने मोटार ३,००,००० रुपयांस घेतली आणि ३,६०,००० रुपयांस विकावयास काढली, तर कर ६०,००० रुपयांवर म्हणजे १०,८०० रुपये होईल. जो व्यापारी संपूर्ण ३,६०,००० रुपयांवर १८ टक्के म्हणजे ६४,८०० रुपये कर सांगत असेल, त्याला हिशेब विचारण्याचा खरेदीदारास पूर्ण अधिकार आहे.

मालकाकडून परभारे खरेदी

खाजगी मालकाकडून घेताना व्यापाऱ्याचा नफा आणि हा कर दोन्ही वाचतात. मोटार कोणी चालविली, कोणत्या रस्त्याने चालविली, ती कोठे दुरुस्त होत होती, हेही गावात विचारता येते. ही माहिती कोणत्याही दालनात विकत मिळत नाही.

तथापि येथे कायद्याचे पाठबळ तोकडे पडते. खाजगी मालक हा त्या मालाचा व्यापारी नसल्याने ‘घेणाऱ्याने पारखून घ्यावे’ हेच सूत्र सामान्यतः लागू होते. इंजिन महिन्याभरात बसले तर ग्राहक आयोगाचा मार्ग उपलब्ध नसतो. विक्रेत्याने जाणूनबुजून फसविल्याचे सिद्ध करता आले तरच दिवाणी न्यायालयात दाद लागू शकते. मोटार विकण्याचा विक्रेत्याला हक्क असला पाहिजे, ही अट मात्र खाजगी व्यवहारातही कायदा गृहीत धरतो. चोरीची मोटार विकणाऱ्याला जी मालकी स्वतःलाच नाही ती दुसऱ्याला देता येत नाही.

या दोहोंच्या मध्ये दलाल असतो. तो स्वतः मालक नसतो आणि प्राधिकारपत्र घेतलेला व्यापारीही नसतो. त्याच्याकडून घेताना किंमत व्यापाऱ्याची आणि संरक्षण खाजगी व्यवहाराचे, अशी स्थिती होते. दलालाने मोटार दाखविण्यास हरकत नाही. परंतु पैसे मालकाच्याच बँक खात्यात जावेत आणि सह्या मालकाने समक्ष कराव्यात.

बैलबाजाराचा धडा

बैल विकत घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो, चाल पाहतो, खांद्यावरचे घट्टे पाहतो आणि खरेदीची पावती झाल्याखेरीज दावे हातात घेत नाही. तीच चिकित्सा मोटारीच्या बाबतीत अवश्य करावी.

प्रथम शासनाच्या ‘एम-परिवहन’ या ॲपवर वाहन क्रमांक टाकून नोंदणीचा दिनांक, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि कर्जाची नोंद पाहावी. नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा असल्यास बँकेचे बेबाकी पत्र आणि बोजा उतरविण्याचा नमुना ३५ मिळाल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. चासी व इंजिनचे क्रमांक पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावेत. थकीत ई-चलने पाहावीत. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनास उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसविली आहे किंवा कसे, हेही पाहावे. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती मुदत संपत आली असल्यास नूतनीकरणाचा व पर्यावरण कराचा खर्च किमतीतून वजा धरावा.

किलोमीटर दाखविणारा आकडा मागे फिरविता येतो. तो पडताळण्यास साधे अंकगणित पुरे होते. आठ वर्षांच्या मोटारीवर ३८,००० किलोमीटर दिसत असतील, तर ती दररोज सरासरी १३ किलोमीटरच चालली असे होते. मालक रोज नोकरीला २० किलोमीटर जाऊन परत येत असेल, तर २५० कामाच्या दिवसांत वर्षाला १०,००० किलोमीटर होतात आणि आठ वर्षांत ८०,०००. अशा वेळी पायपट्ट्या, सुकाणूचक्र आणि आसन यांची झीज कोणत्या आकड्याची साक्ष देते, ते पाहावे. दुरुस्तीच्या जुन्या पावत्यांवरील किलोमीटरही ताडून घ्यावेत. हे उदाहरण माध्यमिक शाळेतील गणिताच्या तासालाही घेण्याजोगे आहे.

देवळा परिसराला गुजरात जवळ असल्याने ‘गुजरात पासिंग’ची मोटार स्वस्तात मिळत असल्याचे अनेकांना सांगितले जाते. अशा मोटारीस मूळ नोंदणी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि येथील करही भरावा लागतो. तो खर्च मिळविल्यावर स्वस्ताई कितपत उरते, याचा हिशेब आधी करावा.

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे दिवंगत वडिलांच्या नावावरील मोटार. वारसाने ती आधी नमुना ३१ अन्वये आपल्या नावे करून घ्यावी आणि मगच विकावी. एका भावाने विकली आणि दुसऱ्याने हरकत घेतली, असे तंटे त्यामुळे टळतात.

रक्कम शक्यतो बँकेमार्फतच द्यावी. एका व्यवहारात २ लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. ताबा पावतीवर दिनांकाबरोबर वेळही लिहावी. मोटार त्याच सायंकाळी अपघातात सापडली, तर ती कोणाच्या ताब्यात होती हे त्या एका ओळीवरून ठरू शकते.

विम्याचे काय?

मोटार हस्तांतरित झाली की अपघातग्रस्त त्रयस्थ व्यक्तीसाठी असलेला विमा कायद्यानुसार नव्या मालकाच्या नावे झाला असे मानले जाते. परंतु मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आपोआप येत नाही. त्यासाठी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवर नाव लावून घ्यावे. जुन्या मालकाला मिळणारी ‘नो क्लेम’ सवलत ही मोटारीची नसून त्या मालकाची असते, हेही विसरू नये.

पंचायतीचे कार्य

कोणता मार्ग चांगला, याचे एकच उत्तर नाही. मोटारीतले ज्याला कळते, किंवा ज्याच्यासोबत विश्वासू कारागीर आहे आणि ज्याला विक्रेत्याची माहिती आहे, त्याला मालकाकडून परभारे घेणे किफायतशीर ठरेल. ज्याला यांपैकी काहीच उपलब्ध नाही, त्याने अधिकृत व्यापाऱ्याकडे चार पैसे अधिक मोजलेले बरे. नाव बदलण्याचे काम मात्र दोन्ही मार्गांवर सारखेच अनिवार्य आहे.

या कामी ग्रामपंचायतीला पुष्कळ करता येण्याजोगे आहे. ग्रामसभेत एकदा विचारावे की, आपण विकलेली परंतु अजून आपल्याच नावावर असलेली मोटार, ट्रॅक्टर वा मोटारसायकल कोणाकोणाची आहे? ज्यांचे हात वर होतील, त्यांना खरेदीदाराचा शोध घेऊन मालेगावच्या कार्यालयात हस्तांतरण पुरे करण्यास शिक्षकांनी व सदस्यांनी साहाय्य करावे. एखाद्या दूरच्या रस्त्यावर, अनोळखी माणसाच्या हातून घडलेल्या अपघाताची नोटीस आपल्या गावातील शेतकऱ्याच्या दारात येण्यापूर्वी हे काम झालेले बरे.