शॉकअप बदलण्याआधी मोजपट्टी घ्या

बुटकी सीट, उंच हँडल आणि चालकाचे पाय पुढे पसरलेले, अशी मोटारसायकल तुम्ही रस्त्यावर पाहिली असेल. तिला क्रूझर म्हणतात. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००५ साली बाजारात आणलेली ‘अ‍ॅव्हेंजर’ याच जातीची. अशा गाडीवर मागे बसून डेक्कनहून कात्रजला गेलात, तर वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकाची नोंद तुमच्या माकडहाडाने घेतलेली असते. मग कोणीतरी सल्ला देतो, “मागचे शॉकअप बदला, चांगले कडक टाका.” नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत हवे तसे मिळतात. पण हवे कसे, हे कोण ठरवणार?

आधी हादरा का बसतो ते पाहू. साध्या मोटारसायकलवर पाय शरीराच्या खाली असतात. खड्डा आला की चालक किंचित उठतो आणि गुडघे कमानीचे काम करतात. क्रूझरवर पाय पुढे असल्याने उठता येत नाही. शिवाय सीट खाली आणायची म्हणून मागच्या चाकाला वर-खाली सरकायला जागा थोडी ठेवलेली असते. क्रिकेटचा चेंडू झेलताना हात मागे नेला नाही तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. थांबायला अंतर कमी, म्हणून बल जास्त.

शॉकअपमध्ये दोन निरनिराळ्या वस्तू असतात. बाहेरची स्प्रिंग धक्का झेलते. आतल्या नळीतले तेल दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि स्प्रिंगची आंदोलने शमवते. त्यात आंदोलनांच्या ऊर्जेची उष्णता होते. नुसती स्प्रिंग असती तर गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ नाचत राहिली असती. नाचणाऱ्या चाकाचा टायर रस्त्यावर नीट टेकत नाही, आणि जो टेकत नाही त्याचा ब्रेक लागत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ आरामाचा नाही.

पुण्यात वेताळ टेकडीवर, १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्ये, वाहनांच्या चाचण्या होतात. आपल्याला मात्र मोजपट्टी पुरेल. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, आणि धरायला दोन मोठी माणसे हवीत. मागचे चाक अधांतरी होईल इतकी गाडी उचलायला सांगा आणि चाकाच्या आसापासून वर सांगाड्यावरच्या एका खुणेपर्यंतचे अंतर मोजा. समजा, ते ५२ सेंमी आले. मग चाक टेकवून बाबांना बसवा: ४९.५. मागे ६० किलो वजनाची आई बसली: ४७. प्रत्येक वेळी सीट दाबून सोडा आणि मगच मोजा. दोन-तीन वाचनांची सरासरी घ्या, कारण घर्षणामुळे शॉकअप थोडा अडकतो.

आता गणित. आईचे वजन जवळजवळ सगळे मागच्या चाकावर येते, म्हणजे ६० किलोला २.५ सेंमी, सेंटीमीटरला २४ किलो. हा झाला चाकापाशी मिळणारा ताठरपणा. चाकाला एकूण ९ सेंमी जागा असेल, तर दोघे बसताच त्यातली ५ संपली. उरलेल्या चारांत मोठा खड्डा मावत नाही, आणि शॉकअप तळाच्या रबरावर आपटतो.

स्प्रिंगच्या बुडाशी खाचांची कडी असते. ती फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. पुष्कळांना वाटते, स्प्रिंग कडक झाली. तसे होत नाही! पुन्हा मोजा. वाचने ५०.५ आणि ४८ येतील. दोघांतला फरक तोच, २.५. वजन आणि अंतर यांचा आलेख काढलात तर रेषा वर सरकेल, तिचा उतार बदलणार नाही. उतार बदलतो तो स्प्रिंग बदलल्यावरच. सेंटीमीटरला ३० किलोची स्प्रिंग घातली तर तोच फरक २ सेंमी होईल.

बाबा रोज एकटेच कामावर जात असतील तर खर्च कशाला? कडीची एखादी खाच पुरे. दोघे नेहमी लांबचा प्रवास करत असतील तर मात्र ताठर स्प्रिंग हवी, आणि तिच्याबरोबर तिला आवरणारा तेलाचा भागही. आमच्या शेजाऱ्यांनी जुन्या नळीवर नुसती कडक स्प्रिंग चढवली. खड्ड्यानंतर सीट मागच्या माणसाला अशी उडवू लागली की त्यांच्या सौभाग्यवतींनी रिक्षा पसंत केली.

काही शॉकअपना नायट्रोजन वायूचा छोटा डबा जोडलेला असतो. त्यातला वायू स्प्रिंगच्या बदली नसतो. दाबाखालच्या तेलात फेस होत नाही, एवढेच त्याचे मुख्य काम. फेसाळलेले तेल छिद्रांतून सहज निसटते आणि आंदोलने शमत नाहीत.

राहिली लांबी. दोन्ही टोकांच्या भोकांच्या केंद्रांतील अंतर मूळ शॉकअपइतकेच ठेवा. लांब शॉकअपने मागची बाजू उचलली जाते, पुढचा फोर्क अधिक उभा होतो आणि हँडलचा स्वभाव बदलतो. आणखी एक गोष्ट शिक्षकांना विचारा: शॉकअप उभ्या रेषेपासून ४५ अंश कलवला, तर त्याच स्प्रिंगचा चाकापाशी मिळणारा ताठरपणा साधारण निम्मा का होतो? उत्तरात कोज्या दोनदा येते.