शिकलेला मुलगा आणि घरची शेती

कल्याण तालुक्यातील शेतकऱ्याचा मुलगा शिकून डोंबिवलीच्या कारखान्यात नोकरी धरतो, तेव्हा घरी त्याच्यावर आळशीपणाचा ठपका ठेवला जातो. हा ठपका अन्यायाचा आहे. पहाटे उठून लोकलच्या गर्दीत उभा राहणारा तरुण कष्टास भीत नाही. नोकरीत त्यास पगाराची तारीख ठाऊक असते. भातशेतीत मात्र आषाढात चिखलात वाकून केलेल्या लावणीचे मोल दिवाळीच्या सुमारास, आणि तेही वडिलांच्या हाती पडते. कोणते वाण पेरावे, हे त्यास कोणी विचारीतही नाही!

यास्तव हळव्या भाताची कापणी होताच, विहिरीस पाणी असल्यास, वडिलांनी ५ गुंठे जमीन मुलाच्या स्वाधीन करून पाहावी. तीत भेंडी टोकावी. सुमारे ५० दिवसांत तोडा सुरू होतो व पुढे एक दिवसाआड माल निघतो. कल्याणच्या बाजारातील पट्टी मुलाच्याच नावाने करावी. बी-खताचा खर्चही त्याच्याच वहीत मांडावा. भाव पडल्यास तोटाही त्यास कळू द्यावा. केवडा रोगाने पाने पिवळी पडल्यास रोगट झाडे केव्हा उपटावयाची, हे त्यानेच ठरवावे. वडिलांनी विचारल्यास सल्ला द्यावा; बांधावरून हुकूम सोडू नयेत.